मॅकीबाईचा डबा

आधीच सांगून टाकते, हे बिस्कीट काही फार थोर नाही. खाली एक गोल, जरा मऊ पडलेलं बिस्कीट, त्यावर पांढऱ्या गोड फेसाचा उंचवटा, आणि वरून चॉकलेटचं इतकं पातळ कवच की बोट जोरात लागलं तरी तडा जातो. भोवती तांबड्या-रुपेरी पट्ट्यांची चांदी, म्हणजे चकचकीत कागद. स्कॉटलंडमध्ये करतात म्हणे. स्कॉटलंड मला नकाशात दाखवता येणार नाही, पण त्यांचं बिस्कीट मी डोळे मिटून ओळखीन. माझी मुलगी नाताळच्या सुमाराला कॉम्प्युटरवरून एक खोका मागवते आणि दर वेळी म्हणते, "आई, डॉक्टरांनी तुला शुगर सांगितलीय ना?" मी म्हणते, सांगितलीय. आणि दोन खाते. फेस टाळूला चिकटतो, मग कवळी काढून धुवावी लागते. तरी खाते. लोकांना म्हातारपणी आईच्या हातची पुरणपोळी आठवते, मला हे आठवतं. याची लाज वाटायला हवी, पण माझ्या आईची पुरणपोळी काही चांगली नव्हती.

तेव्हा मी सतरा-अठराची असेन. कराडजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शाळा नदीपलीकडे, म्हणून माझं शिक्षण नदीच्या अलीकडेच संपलं. माझा चुलतभाऊ, ज्याला आम्ही सगळी भावंडं दादा म्हणायचो, अमेरिकेत ॲन आर्बरला डॉक्टर होता. वहिनी पुण्याची, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये नोकरीला. त्यांची मिनू तीन वर्षांची. तिला सांभाळायला आणि स्वयंपाकाला घरचं माणूस हवं, म्हणून मला बोलावलं. गाव म्हणालं, हौसानं नशीब काढलं. मलाही तसंच वाटलं. निघताना मी दादाला फोनवर विचारलं होतं, पाटा-वरवंटा आणायचा का, तिकडे असतो? यावरून माझी तयारी किती होती ते कळेल.

तिथे गेल्यावर पहिली गोष्ट अंगावर आली ती शांतता. सकाळी दादाची गाडी गेली, मग वहिनीची गाडी गेली, गॅरेजचं दार घरघरत खाली बसलं, की त्या घरात आवाज म्हणून उरायचा तो फ्रीजचा आणि घर तापवणाऱ्या तळघरातल्या भट्टीचा. भट्टी मधेच हुंकार द्यायची. पहिल्या आठवड्यात मी तिला दोनदा "ओ, आले" म्हणाले. खिडक्या बंद, रस्त्यावर माणूस नाही, कोंबडं नाही, कुणाचं भांडण नाही. मिनू होती, पण ती टीव्हीशी बोलायची आणि माझ्याशी बोललीच तर, "आत्या, नो!" एवढंच. गावाकडे कंटाळा आला की कुणाच्याही ओट्यावर जाऊन बसता येतं. इथे वहिनीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हौसा, इथे कारण नसताना कुणाच्या दारात जायचं नाही हं. लोकांना आवडत नाही. आधी फोन करायचा." फोन करून मी काय बोलणार होते? इंग्रजीतलं मला येस, नो आणि थँक्यू येत होतं, आणि त्यातलं नो मिनूनं शिकवलेलं होतं.

थंडीची सुरुवात असावी. वहिनीनं कपडे सुकवायचं मशीन दाखवलं होतं, पण त्यातून माझं सुती लुगडं आक्रसून येईल या भीतीनं मी ते मागच्या लाकडी कठड्यावर वाळत घातलं. तासाभरानं आणायला गेले तर लुगडं उभंच्या उभं गोठलेलं. पत्र्यासारखं. घडी घालायला गेले तर कडकड वाजलं. मी ते काखेत मारून दरवाज्यातून आत न्यायला बघत होते, ते दारात मावेना, आडवं केलं तरी मावेना, आणि मी त्याला मराठीत शिव्या देत होते, तेव्हा शेजारच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. एक ठेंगणी, लाल गालांची म्हातारी झाडाखाली पक्ष्यांना दाणे घालत उभी होती. ती हसत होती, म्हणजे कमरेवर हात ठेवून, डोळे पुसत हसत होती. अमेरिकेत आल्यापासून मला बघून कुणी मोकळेपणी हसलं नव्हतं. सगळे नुसते दात दाखवायचे.

ती मॅकीबाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूळची स्कॉटलंडची. दादा म्हणायचा, "अगं, तिचं इंग्रजी मलाच निम्मं कळत नाही." हे ऐकून मला फार धीर आला. जिचं बोलणं डॉक्टरलासुद्धा कळत नाही तिच्यासमोर मला न कळण्याची लाज कसली? दुसऱ्या दिवशी ती दारात आली, हातात पत्र्याचा गोल डबा, झाकणावर मोठ्या शिंगांचं सांबरासारखं जनावर. आत चांदीत गुंडाळलेली ही बिस्किटं. एक मी तिच्या समोरच तोंडात घातलं, चांदी काढून घातलं हे त्यातल्या त्यात बरं. कवच मोडलं, आणि आतून तो फेस आला, जो चावताही येत नाही आणि गिळताही येत नाही, तो आपण होऊन जातो. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती काहीतरी म्हणाली. मी म्हणाले, "येस."

संध्याकाळी वहिनीनं एक चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "ईऽ, किती गोड! दाढ दुखेल." दादानं अर्धं खाऊन अर्धं बशीत ठेवलं. मिनूनं चांदीशी खेळून आतला माल सोफ्याला पुसला. म्हणजे उरलेली मीच. वहिनी म्हणाली, "बिस्किटं दुसऱ्या डब्यात काढ आणि उद्या तिचा डबा धुऊन देऊन ये. थँक्यू म्हण."

"आत काय घालू?"

"आत? काही नाही. रिकामाच द्यायचा."

"शेजारणीचा डबा रिकामा?"

"अगं, इथे असलं काही नसतं. थँक्यू म्हटलं की विषय संपला."

माझं शिक्षण चौथीपर्यंत असलं तरी एवढं मला शिकवलेलं होतं, की ज्या भांड्यातून आलं ते भांडं मोकळं परत जात नाही. अगदीच काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात. मी दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचे लाडू वळून डबा भरला आणि नेऊन दिला. आठ दिवसांनी डबा परत आला, आत बिस्किटं. मग मी चकल्या केल्या. डबा परत, बिस्किटं. मला वाटलं, केवढी मोठ्या मनाची बाई. पुढे कळलं की तिच्या आईनंही तिला हेच शिकवलं होतं. रिकामं भांडं परत करणारी माणसं तिच्याही गावात हलकी मानत. म्हणजे पृथ्वीच्या दोन टोकांच्या दोन बायांनी आपापल्या लेकींना एकच खोड लावून ठेवली होती, आणि आता त्या लेकींना थांबता येत नव्हतं.

आता माझ्या सुगरणपणाविषयी. एकदा मी खिडकीतून तिच्या पक्ष्यांच्या फळीकडे बघत होते. फळीवर एक जाडजूड खार मागच्या पायांवर बसून दोन्ही हातांत धरून काहीतरी खात होती. नीट पाहिलं तर माझा लाडू. शेजारी चकल्यांचे तुकडे, त्यावर निळे पक्षी. त्या थंडीत त्या अंगणातल्या खारी माझ्या हातच्या खाण्यावर बाळसं धरत होत्या. मला राग यायला हवा होता. पण आमच्या घरात तरी तिची बिस्किटं कुणाला हवी होती? फरक एवढाच, की आमच्या घरची खार मी होते.

एक पदार्थ मात्र खारींना कधी मिळाला नाही, तो म्हणजे आल्याची वडी. ती खाल्ल्यावर मॅकीबाईनं आणखी एक उचलली, आणि मग ती हातानं उंची दाखवत काहीतरी सांगू लागली. एवढीशी असताना, आजी, चूल, साखर, एवढं मला कळलं. बाकीचं कळायची गरज नव्हती.

तोवर मी तिच्या स्वयंपाकघरात बसू लागले होते. डबा द्यायला जायचं, तिनं "कम इन, कम इन" करायचं, मिनूला खाली गालिच्यावर बटणांचा डबा द्यायचा, आणि किटली शीळ घालायची. चहा चांगला काळा, उकळलेला, वर दूध. अमेरिकेत पाण्यात पिशवी बुडवून चहा म्हणायचं धाडस सगळे करतात, ही करत नव्हती. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. मी तिला आमच्या म्हशीचं दुखणं सांगितलं, माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूचे सगळे गुण सांगितले. तिनंही कुणाच्या तरी चहाड्या सांगितल्या असाव्यात, कारण मधे मधे आवाज खाली आणून ती खिडकीकडे बघायची. बिस्किटाची चांदी टाकायची नाही, नखानं घासून काचेसारखी सपाट करायची, हे तिनं मला शिकवलं. आम्ही दोघी गप्पा मारत चांद्या घासत बसायचो. आजही माझ्या समोर चॉकलेटची चांदी आली की अंगठा आपोआप चालू होतो. डॉक्टरच्या दवाखान्यात एकदा नर्सनं विचारलं, हाताला काही त्रास आहे का?

तिथेच एक पाहिलं. तिची बहीण स्कॉटलंडहून बोटीनं खोका पाठवायची, आणि इतक्या लांबून येईपर्यंत त्यातली बरीच बिस्किटं चेपलेली असायची. आमच्या डब्यात कधी एकही चेपलेलं आलं नव्हतं. फुटकी ती बशीत घेऊन चमच्यानं खात होती. माझी आई करपलेली भाकरी स्वतःच्या ताटाखाली सरकवायची, ते मला आठवलं. त्यानंतर मी तिच्या बशीतलं खायला लागले. चव तीच असते, बोटं जास्त भरतात.

हे सगळं छान चाललं होतं आणि ते मीच बिघडवलं. संक्रांतीच्या आसपास मी डब्यासाठी करंज्या तळायला घेतल्या. तेल जरा जास्त तापलं, आणि छताला लावलेलं, धूर झाला की वाजणारं यंत्र असं किंचाळायला लागलं की मिनू टेबलाखाली गेली. मला ते बंद करता येईना. मी खुर्चीवर चढून त्याला लाटण्यानं मारलं. पहिल्या फटक्यात ते थांबलं नाही, दुसऱ्या फटक्यात थांबलं आणि एका वायरीला लोंबकळायला लागलं. हे झालं, ते मी निस्तरलं असतं. पण स्वयंपाकघराला लागून कोटांचं कपाट होतं, त्याचं दार उघडं राहिलेलं. वहिनीचा नवा लोकरीचा कोट त्या तेलाच्या वासात दिवसभर लटकत राहिला. तो घालून ती दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेली, आणि तिथे तिच्या बरोबरीच्या बाईनं हसत विचारलं, "आज जेवायला काय तळलंस?"

संध्याकाळी वहिनी आली ती कोट हातात घेऊन. ओरडली नाही, हे वाईट. "हौसा, मला त्या लॅबमध्ये एकटीला उभं राहावं लागतं गं. मी तिथे गेले की त्यांना माझं काम दिसायला हवं, माझं स्वयंपाकघर नको. आजपासून तळण बंद. आणि ते डब्याचं प्रकरणही कॅन्सल. तिलाही बिचारीला त्रास, आपल्यालाही."

"चालू दे ना यार," दादा पेपरातून म्हणाला. "करमतं तिला."

"तुझ्या कोटाला वास आला का? नाही ना? मग."

वहिनीचं चुकलं होतं असं मला तेव्हा वाटलं, आज वाटत नाही. पण मला घाम फुटला तो बिस्किटांसाठी नव्हता. बरं, थोडा बिस्किटांसाठी होता. डबा होता म्हणून मला दाराबाहेर पडायला कारण होतं. तो गेला की मी, फ्रीज आणि भट्टी. वहिनीनं दुकानातून एक थँक्यू कार्ड आणलं, आत सुंदर अक्षरात लिहिलं, की आपण फार केलंत, आता कृपा करून त्रास घेऊ नये. मॅकीबाईचा डबा घासून पुसून त्यात ते ठेवलं. "घे. आता रिकामा नाहीये, झालं समाधान?"

"कागद कोण खातं, वहिनी?"

"हौसा."

सकाळी त्या दोघांच्या गाड्या गेल्या. मी मिनूला कोटात, टोपीत, हातमोज्यांत कोंबलं. डबा ओट्यावर होता. मी झाकण उघडून त्या कार्डाकडे बघितलं. तळायचं नव्हतं, करायला वेळ नव्हता, आणि वहिनीला शब्द दिल्यासारखं झालं होतं. मग मी साखरेचा डबा काढला. चिमूटभर घातली तर त्या पांढऱ्या पत्र्यावर दिसेना. आणखी घातली. शेवटी मूठभर घातली, कार्डाखाली. एवढ्यानं माझ्या आईचं नाव राखलं जाईल असं मला वाटलं. बर्फ घोट्याच्या वर होतं. एका हातात मिनू, दुसऱ्या हातात डबा, आणि डबा हलला की आत साखर सरसर वाजायची. ते अंगण ओलांडायची ही शेवटची वेळ, म्हणून मी मुद्दाम सावकाश चालले. पायांत वहिनीचे जुने बूट होते, एक माप मोठे, त्यामुळे लोकांना मी नुसतीच बावळट दिसले असणार. पण बघायला लोक होते कुठे?

मॅकीबाईनं डबा टेबलावर ठेवून उघडला. चष्मा लावून कार्ड वाचलं. वाचताना तिचा चेहरा बंद झाला, दुकानाची फळी लावतात तसा. तिनं कार्ड घडी करून खिडकीत उभं केलं. किटलीकडे गेली नाही. मी मिनूचा हात धरला, आता निघायचं. तेवढ्यात तिची नजर पुन्हा डब्यात गेली. तिनं बोट लावलं. चाखलं. मग माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"शुगर!" ती म्हणाली.

"येस," मी म्हणाले.

"ओह! शुगर!"

"येस, येस." मला वाटलं, तिला कळलं. तिच्याही गावात हे असणार. कशी शहाणी बाई!

तिनं कपाट उघडलं, साखरेची अख्खी पिशवी काढली, आणि ती आमच्या, म्हणजे तिच्याच, डब्यात उपडी करायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या देशात शेजारणीकडे गेलात आणि भांड्यात साखर दाखवलीत, म्हणजे घरातली साखर संपली आहे, उसनी द्या. हे मला टीव्हीवर बघून माहीत होतं! सगळ्या मालिकांत वाटी घेऊन दारात उभी असलेली बाई असते. मी दोन्ही हात हलवून म्हणाले, "नो, नो! नो शुगर!" तिला वाटलं मी संकोचतेय. तिनं आणखी ओतली. मी जितकं नो म्हणावं तितकी ती ओतत गेली. मिनूनं मदत केली, ती म्हणाली, "मोअर!" डबा काठोकाठ भरल्यावर बाईनं वरून दाबून झाकण लावलं आणि माझ्या गालावर थापटलं. डॉक्टरच्या घरात साखर संपते आणि पोरीला बर्फातून यावं लागतं, याचं तिला फार वाईट वाटलेलं दिसत होतं. आणि मग ती किटलीकडे वळली.

संध्याकाळी वहिनीनं ओट्यावर डबा बघितला. "हा परत कसा आला?" तिनं झाकण उघडलं. मी जे झालं ते सांगितलं. दादा हसून हसून खुर्चीतून खाली यायचा राहिला. "म्हणजे तू तिच्याकडे साखर मागितलीस!"

"मी दिली होती. मी मागितली असं समजून तिनं दिली."

"आणि आपल्या घरात किती साखर आहे?"

"दहा पौंडांची नवी गोणी."

वहिनीला हसू आलं होतं, पण तिनं ते आवरलं, कारण तिला दुसरंच काहीतरी टोचायला लागलं होतं. ती डबा फिरवून बघत होती. भेट आलेल्या बिस्किटांना थँक्यू म्हणून विषय संपवता येतो. पण ही भेट नव्हती. ही उसनी साखर होती, शेजारणीकडून, आपल्या नावावर. पुण्याच्या घरात वाढलेल्या बाईला लॅबमधली नोकरी असो की लोकरीचा कोट असो, उसनी साखर घरात ठेवून झोप लागत नाही.

"उद्याच्या उद्या परत दे," ती म्हणाली.

"देते. सपाट?"

"सपाट काय? उसनं परत करताना शीग लावून देतात, एवढं शिकवलं नाही का तुला?" आणि तिनं स्वतः आमच्या गोणीतून साखर घेऊन त्या डब्यावर अशी शीग लावली की झाकण बसेना.

म्हणून दुसऱ्या सकाळी मी पुन्हा ते अंगण ओलांडलं. झाकण काखेत, डब्यावर हात झाकलेला, मागे साखर सांडत, आणि त्या मागावर खारी. मॅकीबाई दारातच उभी होती. तिनं शिगेकडे बघितलं, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसलं की आता तिला प्रश्न पडला आहे: दिली त्यापेक्षा जास्त आली, आता काय करायचं? तिनं साखर बरणीत ओतून घेतली. रिकामा डबा पुसून टेबलावर ठेवला. मग फडताळावरून बिस्किटांचा खोका खाली काढला.

त्यानंतर मी त्या घरात होते तोवर डबा चालू राहिला. तळण बंदच होतं, मी आल्याच्या वड्या करायचे, त्याचा कोटाला वास येत नाही. आमच्या घरात साखर संपते ही तिची समजूत मी कधी दुरुस्त केली नाही. पुढे माझं इंग्रजी सुधारलं, मला सांगता आलं असतं. पण दर वेळी दारात पाऊल टाकलं की ती आधी माझ्या हाताकडे बघून काळजीनं विचारायची, "शुगर आहे ना, हौसा?" आणि मी म्हणायचे, "थोडी," म्हणजे परत यायला कारण राहायचं.